गुरुवारची खरखर

गुरु. २ नोव्हें. '९५
वागळे इस्टेटच्या गॅरेजवर एका डॉक्टरांची गाडी. एफएमला इंजिनची खरखर. ती दाबायला कॉइलवर कंडेन्सर टाकला, एरियलची अर्थिंग घासून घट्ट केली. दहा मिनिटांत आवाज स्वच्छ. "जादू आहे हो तुमच्या हातात," म्हणाले.

संध्याकाळी ही दारातच उभी. शेजारणीने सांगितलं म्हणे, आपली ज्योती दर गुरुवारी सहाला एफएमवर निवेदन करते. पोरीने माझं नाक कापून कल्याणच्या पोराशी लग्न केलं, दोन वर्षं झाली. या घरात तिचं नाव काढायचं नाही असं बजावलेलं. आज हिने काढलंच. घरच्या जुन्या रेडिओवर एफएम लागत नाही, माझ्या फियाटमध्ये लागतं.

"अहो, अर्धाच तास. गाडीत बसून ऐकते."

बरं म्हटलं.

बुध. ८
फियाटचा कंडेन्सर काढून दाढीच्या डब्यात टाकला. ऐक म्हणावं आता.

गुरु. ९
वर्तकनगरहून घोडबंदर रोडला चक्कर. नुसती खरखर. ही स्पीकरला कान लावून वाकलेली. मधेच एखादा शब्द आला की हसायची. "तुम्हाला नाही का हो दुरुस्त करता येत?" म्हटलं, खाडीची हवा, ठाण्यात असंच येणार. पटलं. पंचवीस वर्षं माझं सगळं पटतंच तिला. खोटं कशाला लिहू, मजा वाटली.

गुरु. १६
"आज जरा कळलं," म्हणाली. काय कळलं? "सर्दी झालीय तिला."
एवढ्या खरखरीतून सर्दी ओळखली बाईने! डोकं फिरलं. ॲक्सिलरेटर दाबला. त्याने खरखर वाढते.

गुरु. २३
माजिवड्याजवळ इंजिन आपोआप बंद पडलं. खरखर एका झटक्यात गेली. ज्योती बोलत होती, स्वयंपाकघरातून बोलायची तशी. पत्र पाठवणाऱ्या कुणा आजींचे आभार मानत होती. सेल्फ मारायला हात गेला, तर हिने मनगट धरलं. कार्यक्रम संपेपर्यंत सोडलं नाही. मागे हॉर्नवर हॉर्न.

मग एवढंच, "इंजिन बंद केलं की ऐकू येतं. तुम्हाला माहीत होतं."

शनि. २५
ही नुसती ताट वाढते, आत जाते. सकाळी दाढीला बसलो तर कंडेन्सर आरशापुढे काढून ठेवलेला. तिला काय कळतंय त्यातलं, म्हणून हसायला गेलो. जमलं नाही.

गुरु. ३०
दुपारी आलो, दाराला कुलूप. शेजारीण किल्ली देत म्हणाली, "कल्याणला गेल्या. जेवण झाकून ठेवलंय. परत कधी येणार ते नाही बोलल्या."

जेवलो नाही. साडेपाचला कंडेन्सर बसवला. अर्थिंगही घासली. सहाला इंजिन चालू करून बसलो. जराही खरखर नाही. दुसरीच मुलगी बोलत होती. हसत हसत सांगितलं, ज्योती आज सुट्टीवर आहे, तिची आई आलीय.

अर्धा तास त्या दुसऱ्या मुलीलाच ऐकलं.

कल्याणला जाण्यापुरतं पेट्रोल आहे. पत्ता मी कधी विचारलाच नव्हता.