खोट्या कवीचं सुतक

लिस्बन, ८ ऑक्टोबर १९१५

पुन्हा चंद्र! देओलिंदाला चंद्र हवा, थडगं हवं, उसासे हवेत. आज तिच्या खिडकीखाली उभं राहून माझी नवी कविता म्हटली — बंदरातल्या क्रेनवरची. यमक नाही, रडारड नाही. वरून म्हणते, "हे काय, मालाची पावती वाचतोयस?" आणि खिडकी धाडकन बंद!

या शहरात प्रेम करायचं म्हणजे गल्लीत मान वर करून उभं राहायचं, गुळण्या करत असल्यासारखं. कोइंब्राचं वकिलीचं कॉलेज अर्धवट सोडून आलो ते यासाठी!

११ ऑक्टोबर

माझा कविमित्र वाल्देमार कॉफी ढवळत म्हणाला, "हल्ली आपल्यातला जो तो एकेक खोटा कवी पाळतो, त्याच्या नावाने लिहितो. तूही पाळ की."

पाळला! नाव आन्सेल्मो दा पिएदादे. क्षयरोगी, आईवेगळा, मुक्काम डोंगरातल्या कुठल्याशा गावी. आजोबांच्या पिढीची सगळी रड त्याच्या तोंडी घातली. कॉफी निवायच्या आत कविता तयार. रडणं किती सोपं असतं! आणि वर्तमानपत्राच्या त्या गाढव संपादकाने ती छापायला घेतली!!

२० ऑक्टोबर

दुसरीही छापून आली. धुकं, चंद्र, आणि एक निळी खिडकी — झडपेची खालची पट्टी तुटलेली. देओलिंदाने कात्रण कापून ठेवलंय! मला वरून वाचून दाखवलं. आवाज थरथरत होता. "असं लिहावं माणसाने!"

मूर्ख पोरगी. मी खालून टाळ्या वाजवल्या. घरी येऊन उशी फाडली.

२ नोव्हेंबर

आता बोलणं फक्त त्याचंच. आज गरम चेस्टनट सोलत, सालं माझ्या टोपीवर टाकत विचारते, "काय रे, त्याचा खोकला कमी झाला असेल का?"

"वाढलाय!" मी ओरडलो.

"मग जपायला सांग ना कुणीतरी त्याला."

बस्स झालं.

४ नोव्हेंबर

मारला! काळ्या चौकटीत आली बातमी — 'तरुण कवी पिएदादे निवर्तले. ओठांवर शेवटचा उसासा होता.' वाल्देमार हसता हसता खुर्चीवरून पडला. आता मैदान मोकळं.

९ नोव्हेंबर

कहर! देओलिंदा उद्या त्याच्यासाठी सातव्या दिवसाची मिस्सा करवतेय. जो जन्मलाच नाही त्याच्या आत्म्याला शांती! पाद्री, मेणबत्त्या, सगळं साग्रसंगीत. जाणार. मागच्या बाकावर बसून पोटभर हसणार.

१० नोव्हेंबर

चर्चच्या पायऱ्यांवर तिने तोंडावरची काळी जाळी वर केली. "आमच्या झडपेची ती तुटकी पट्टी फक्त तू उभा राहतोस तिथूनच दिसते. त्याच दिवशी ओळखलं मी. रोज वाट पाहिली, आज सांगशील, उद्या सांगशील."

मी हात पुढे केला.

"नको," म्हणाली. "माझा होता तो. त्याला तू मारलंस."