अर्ध्या सुताचं नाव

मी, खाली सही करणार, वय एकवीस पूर्ण, धंदा लढाईत गेलेल्यांच्या स्मारकाच्या भिंतीवर नावे कोरणे, शिक्षण कॉलेजचे दुसरे वर्ष, तेही अर्धे, हे मृत्युपत्र नशापाणी न करता, कोणाच्या भरीस न पडता स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके तापलेले आहे. पण ते बाराही महिने तापलेलेच असते, तेव्हा तेवढ्यावरून ते ठिकाणावर नव्हते असा अर्थ कोणी काढू नये.

उद्या रविवारी साडेअकराच्या गाडीने मी हवाई दलाच्या प्रशिक्षणाला निघतो आहे. आमचे मिस्त्री म्हणाले, “अरे, लढाई संपून दोन वर्षं झाली. आता मरायला कुठं निघालास?” त्यांना काय सांगणार? मला एका मेलेल्या माणसाची बरोबरी करायची आहे, आणि जमिनीवर राहून ती होत नाही.

एक. मनगटी घड्याळ वडिलांना परत. “आमचा मुलगा दगड फोडतो” असे ते पाहुण्यांना सांगतात. घड्याळ वेळेवर चालते, एवढे तरी माझ्याकडून नीट राहिले असे समजून ठेवून घ्यावे.

दोन. कॉलेजची पुस्तके ताईला. पहिल्या चाळीस पानांपुढे बोट लागलेले नाही.

तीन. सायकल माझा मित्र लंब्या याला, मागचे कॅरियर काढून. त्या कॅरियरवर बसवून त्याने तिला औषधाच्या दुकानापासून घरापर्यंत तीनदा डबलसीट सोडले आणि तिन्ही वेळा म्हणाला, “वाटेतच होतं रे.” लंब्याचे घर उलट्या दिशेला आहे.

चार. ती म्हणजे त्या औषधाच्या दुकानात काउंटरवर बसणारी. डोके दुखत नसताना मी वर्षभर तिच्याकडून डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या. एकदा तीच म्हणाली, “भिंतीचं काम निघालंय, कोरायला माणसं हवीत म्हणे.” मी दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडले. सहा महिने हाताला फोड आणून शिकलो. मग ती शेडमध्ये आली आणि म्हणाली, “त्याचं नाव तू कोरशील ना? ओळखीचा हात असावा.”

तो म्हणजे तिचे ज्याच्याशी लग्न ठरले होते तो वैमानिक. त्याचे विमान समुद्रावर गेले ते परत आले नाही. काही सापडले नाही. कुठे थडगे असते तर जाऊन तोंडावर चार शब्द सुनावले असते. भांडायला जागासुद्धा ठेवली नाही पठ्ठ्याने! आणि ती अजून त्याच्याबद्दल बोलताना ‘असायचा’ म्हणत नाही, ‘असतो’ म्हणते. “त्याला चहा गोड लागतो.” मला कसा लागतो हे तिने एकदाही विचारलेले नाही.

पाच. कबुली. अक्षर दोन सूत खोल, म्हणजे पाव इंच, हा मिस्त्रींचा नियम. खूण केलेली काडी खाचेत उभी करून ते मोजतात. त्याचे नाव कोरायचे होते त्या दिवशी ते दवाखान्यात होते. मी त्याचे नाव अर्धे सूत कोरले आणि वर रंगाचे थर चढवून खाच सपाट केली. डोळ्याला काही कळत नाही. दहा-पंधरा वर्षांत रंग उडाला की नाव गेले, असा हिशोब होता.

त्याच्या आईला दिसत नाही हे मला ठाऊक नव्हते. गेल्या रविवारी ती त्यांना घेऊन आली. आई बोटाने वाचत होत्या.

“हा वरचा लागला, हा खालचा लागला. माझाच कुठं गेला गं?”

“इथंच आहे, आई. तुमच्या बोटाखालीच आहे.”

“मग लागत का नाही?” बोट काढून घेत त्याच म्हणाल्या, “असू दे. याही वेळी सापडला नाही म्हणायचा.”

मी बादली घेऊन चार पावलांवर उभा होतो.

त्याची माफी मी मागत नाही. आईंची मागतो. माझ्या सातही छिन्न्या आणि हातोडी मिस्त्रींना, ते नाव दोन सूत खोल करण्याच्या अटीवर.

सहा. मी त्याच्यासारखाच हरवलो आणि भिंतीवर आलो, तर त्याच्या शेजारी नको. तिथेही ती आधी त्याच्याकडेच बघेल.

सात. तिच्या नावे मी काहीही ठेवत नाही. रागाने नव्हे. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे वकिलाचा कारकून म्हणाला. तिची साक्ष मला हवी आहे. सही करण्याआधी तिला हे वाचावे लागेल. तोंडाने सांगायची माझी छाती नाही.

सही केली. कोरीव कामाची शेड, शनिवार, गाडीच्या आदल्या दिवशी, दुपारी चार.

साक्षीदार पहिला, मिस्त्री: वाचले. हत्यारे मला नकोत, म्हणजे माझी साक्ष चालेल. ज्याने उथळ कोरले त्यानेच खोल करायचे. सकाळी सातला भिंतीपाशी ये. काडी मी आणतो.

साक्षीदार दुसरी, औषधाच्या दुकानातली: वाचले. सही केली, पण तुझ्याशी बोलणार नाही. दहा वाजता आईंना घेऊन येते. त्यांच्या बोटाला लागल्याशिवाय गाडीत चढायचे नाही.