घट्ट सुरळ्या

बुध. १ मार्च २००६, सकाळी ६.१०
ओट्याशी उभा राहून बायबलमधल्या वचनांची डबी उघडली. ही आईनं ताईला लग्नात दिलेली. प्रत्येक चिठ्ठी आईच्या अक्षरात, सुरळी केलेली. घरचा नियम: रोज माणशी एक. वाचायची, गुंडाळून परत ठेवायची.
आज मला खोटं न बोलण्याविषयीची आली. नेमकी आजच.
काल दुकानात साड्यांच्या घड्या घालताना सोबत काम करणारा सेल्वम म्हणाला, शहराच्या टोकाला शोळिंगनल्लूरला एका ऑफिसच्या स्टोअरमध्ये माणूस हवाय. बारावी पास. पगार इथल्याच्या दीडपट. मी नववी. तो मला तमिळमध्ये तंबी, म्हणजे धाकटा भाऊ म्हणतो. "तंबी, सर्टिफिकेट मी आणतो. तुमच्या नगरला विचारायला कोण जातंय?" मुलाखत सोमवारी.
ताईचे दिवस भरत आलेत. बाळ आलं की मी हॉलमध्ये किती दिवस झोपणार? स्वतःची खोली घ्यायलाच हवी.

गुरु. २
चार चिठ्ठ्या काढल्या. चौथी, भिऊ नये अशी. हेच उत्तर, असं ठरवलं. सेल्वमला हो म्हणालो. जेवणाचा डबा तसाच परत आणला. ताईनं विचारलं, पोट बरं नाही का.

शनि. ४
सर्टिफिकेट मिळालं. माझ्या नावात एकही चूक नाही. माझं नाव इतकं नीट आजवर कुणी लिहिलं नव्हतं. गादीखाली ठेवलं. चिठ्ठ्या आज सहा.

रवि. ५
चर्चहून आल्यावर ताई डबी घेऊन बसली.
"रोज किती काढतोस रे?"
"एक."
"मागच्या रविवारी दमटल्या म्हणून मी सगळ्यांना ऊन दाखवलं, सैल गुंडाळल्या. आम्ही दोघं कशाही गुंडाळतो. मग ह्या एकोणीस घट्ट विड्या कुणी वळल्या?"
दाजी पेपरातून मान न काढता, "मेव्हण्यानं कारखाना काढलाय."
सगळं सांगितलं. ताई रागावली नाही. म्हणाली, "आज पाळक काय सांगत होते? रानात प्रभूला भुलवायला सैतानानंही शास्त्रातलंच वचन म्हणून दाखवलं. तू आईच्या चिठ्ठ्यांकडून तेच करून घेतोयस, बाळा."
मी खोलीचं बोललो.
"तुला जा कुणी म्हटलं?"
दाजी म्हणाले, "बाळ एवढंसं असतं. त्याला कितीशी जागा लागते?"


सोम. ६
सर्टिफिकेट घरीच ठेवून गेलो. साहेबांनी विचारलं, बारावी? नाही सर, नववी. त्यांनी खोक्यावर लावायची चार लेबलं लिहायला दिली. लिहिलेली लेबलं एकेक करून बघितली. "कळवतो."

गुरु. ९
कळवलं नाही. सेल्वम म्हणतो, "लूसू! वेडा आहेस. कागद आहे ना अजून? दुसरीकडे चालव." कागद आहे. फाडायला घेतो आणि नाव दिसतं.
सकाळी डबी उघडली तर सगळ्याच सुरळ्या घट्ट, अगदी माझ्यासारख्या. ताई पोळी लाटता लाटता, मागे न बघता म्हणाली, "मीच वळल्या. आता किती काढल्यास ते मला कळायचं नाही. तुझं तू बघ."
एक घेतली. नोकरीचं तिच्यात काहीच नव्हतं. हात परत डबीकडे गेला. ताईची पाठ माझ्याकडेच.
झाकण लावलं.
कागद गादीखालीच आहे.