कंपनीची भाकरी

मुक्काम अमरावती, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८६

सकलगुणमंडित, जातीच्या पंचांत अग्रगण्य, होणारे व्याही महादेवराव यांना जानरावाचा दंडवत. आम्ही इकडे सुखरूप. आपला गुडघा कसा आहे? (दुसऱ्यांच्या ताटात वाकून बघताना जपावं.)

आपला निरोप पोचला. मी बाटलो, सबब माझ्या शकुनचं माघातलं लग्न मोडलं, असं आपण कळवता. तर गुन्हा कसा घडला ते ऐका. तिकडे अमेरिकेत साहेब साहेबाशी लढतो आहे, म्हणून इकडे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मी, नत्थुजी तेली आणि गाडीवाले अब्दुल गफ्फार, तिघांनी मिळून कापूस मुंबईला धाडायचं ठरवलं. मुंबईहून आलेला गुमास्ता म्हणाला, साहेब सुट्या माणसांशी बोलत नाही, कंपनी करा. कंपनी म्हणजे काय, हे विचारलं ही माझी चूक. त्यानं तासभर विद्वत्ता पाजळली. म्हणे साहेबाच्या देशाकडच्या फार जुन्या भाषेत ‘कम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी; जे एकत्र बसून भाकरी खातात, ती कंपनी. (म्हणजे ज्यांनी अख्खा हिंदुस्थान गिळला, ते बिचारे नुसते भाकरीला बसले होते!) एवढं सांगून तो स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायला. आमचं त्याला चालत नव्हतं.

आम्ही अडाणी. अक्षता पडल्याशिवाय लग्न लागत नाही, तशी भाकरीशिवाय कंपनी लागत नसेल, असं वाटलं. नत्थुजीनं तोड काढली, “आपापली भाकर आनू अन् पाठीले पाठ लावून खाऊ.” गफ्फारभाई म्हणाले, “मंग ते कंपनी कायची? ते तं भांडन झालं.” शेवटी त्यांच्याच ओसरीवर, एका सतरंजीवर बसलो. त्यांच्या घरच्या खुर्शीदबीनं ज्वारीची भाकर आणि सालन, म्हणजे त्यांच्याकडचा रस्सा, वाढलं. पहिला घास मी डोळे मिटून घेतला, नंतरच्या तीन भाकरी उघड्या डोळ्यांनी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी गुमास्ता पोट धरून हसला. कागदावर तीन सह्या पुरे होत्या म्हणे!

शकुन चार दिवस धड जेवली नाही. तिचा काय दोष? माझा जीव तुटतो, महादेवराव. सांगाल ते प्रायश्चित्त घेईन, पण पोरीचं लग्न मोडू नका.

आपल्या सुनेचा बाप,
जानराव

ता. क. कंपनीतून मात्र नाव काढणार नाही.

आणखी ता. क. वाढता वाढता खुर्शीदबीनं विचारलं, “अकोटचे महादेवराव नाई आले का? मांगच्या साली बैल घ्याले आले तं त्यायले सालन लय आवडलं होतं. दोनदा मांगून घेतलं.” म्हणजे गुमास्त्याच्या म्हणण्याप्रमाणे आपण कंपनीत माझ्याही आधीचे. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. लग्नाची तिथी कळवावी.