मुंगीचा हात

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.१०

वजन ९७.६. काटा खोटा आहे. बाथरूमची फरशी तिरकी आहे, हे या क्वार्टरमध्ये आलो तेव्हापासून सांगतोय. काटा बैठकीत आणून पुन्हा उभा राहिलो. ९७.९. काटा परत बाथरूममध्ये ठेवला.

मुद्दा असा. आमच्या ट्रेनर जेटला इजेक्शन सीट आहे. विमान हाताबाहेर गेलं की ही खुर्ची वैमानिकाला घेऊन बाहेर उडते. तिला माणूस लागतो ५५ ते ९५ किलोचा. हलका असला तर मान मोडते, जड असला तर पुरेसा वर जात नाही. १७ तारखेला माझी मेडिकल. चौदा दिवस, तीन किलो. अठ्ठावीस वर्षं उडवणाऱ्याला हे काय अवघड?

संकल्प: न्याहारी बंद. पाणी बेताचं. पाणी म्हणजेही वजनच.

बायको म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांना विचारलं तर डॉक्टरांना कळेल, हे तिच्या लक्षात येत नाही. ती शाळेत गणित शिकवते. व्यवहार नाही.

मंगळवार, ४ मार्च. संध्याकाळ

आज वर्गात मर्यादांचा धडा घेतला. बाकीचे प्रशिक्षक आकडे घोकून घेतात. मी समजावतो. वेगाची मर्यादा, आडव्या वाऱ्याची, इंधनाची, आणि सगळ्यांची आई म्हणजे जीची. दांडी ओढून विमान झपकन वळवलं की अंगाचं वजन वाढतं. दोन जी म्हणजे दुप्पट, तीन म्हणजे तिप्पट. आमच्या विमानाला सात जीपर्यंत परवानगी. पुढे पंखांची खात्री नाही. माणसाची त्याच्या बरीच आधी नसते. रक्त डोक्यातून पायांत उतरतं आणि दिवे जातात. म्हणून पोट आणि मांड्या आवळायच्या, भरपूर पाणी प्यायचं, उपाशीपोटी उडायचं नाही. हे शेवटचं मी फळ्यावर दोनदा अधोरेखित केलं.

मुंगीनं विचारलं, सर, प्रशिक्षकाचेच दिवे गेले तर? वर्ग हसला. मी म्हटलं, प्रशिक्षकाचे जात नाहीत.

मुंगी म्हणजे बॅचमधली सगळ्यात लहान चणीची मुलगी. ५५.४ किलो. खालच्या मर्यादेला लोंबकळतेय, म्हणून खिशात सदैव केळं. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. हात मात्र असा की विमानाला कळतसुद्धा नाही कोणी धरलंय ते. असा हात शिकवून येत नाही. अर्थात, ओळखायलाही नजर लागते. ती मला आहे.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ७

९६.१! फरशी सरळ होत चालली आहे.

बायकोनं माझ्या ताटलीखाली उकडलेलं अंडं लपवलं होतं. तिच्याच डब्यात टाकलं. स्क्वाड्रनच्या जिन्यावर थोडं गरगरलं. त्या जिन्याची शेवटची पायरी उंच बांधली आहे. तक्रार करायला हवी.

सोमवार, १० मार्च. दुपारी १

मुंगीबरोबर उड्डाण. ती पुढे, मी मागे. लूप दाखवला, म्हणजे आकाशात उभी कोलांटी. दांडी माझ्याकडे होती. साडेपाच जी.

मग मी काही वेळ गप्प राहिलो. मुद्दाम. विद्यार्थी एकटा पडला तर काय करतो हे पाहणं प्रशिक्षकाचं कामच आहे. डोळेही मिटून घेतले, म्हणजे मदत करायचा मोह होत नाही.

उघडले तेव्हा विमान नाकावर उभं होतं. खालची झाडं सुटी सुटी दिसत होती. आणि मुंगी ओढत होती.

७.८ जी. मीटरचा काटा वरच्या आकड्याला जाऊन बसतो तो तिथेच राहतो, त्यामुळे नोंद करावीच लागते.

खाली उतरल्यावर ती पांढरीफटक. म्हणाली, सर, मी तीनदा हाक मारली. म्हटलं, ऐकली की. परीक्षा घेत होतो तुझी. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, सॉरी सर.

देखभालीच्या फोरमननं विमान तपासायला आत घेतलं आणि फॉर्म पुढे केला. म्हणाला, कोणी ओढलं? आता ओढलं तर तिनंच. मी लिहिलं, ‘विद्यार्थिनीकडून दांडीवर अवाजवी जोर.’ एकही शब्द खोटा नाही.

कॅन्टीनमध्ये चार स्लाइस आणि दोन ऑम्लेट खाल्ली. सहज.

बुधवार, १२ मार्च. संध्याकाळ

बॉसनं, म्हणजे स्क्वाड्रनच्या प्रमुखानं, बोलावलं. विद्यार्थ्याकडून मर्यादा ओलांडली गेली की चौकशी होते, नियम आहे. विचारलं, मागच्या सीटवर तुला काही झालं होतं का? म्हटलं, छे. जरा वेळानं पुन्हा तेच विचारलं. एकाच माणसाला एकच प्रश्न दोनदा! मला ते आवडलं नाही.

मुंगीलाही विचारलं म्हणे. ती म्हणाली, सर मला तपासत होते, माझाच हात जड पडला.

वाईट वाटलं. बॉसला एकदा नीट समजावून सांगायला हवं, की उंची कमी होती, पोरीकडे दुसरा इलाज नव्हता. पण आत्ता सांगितलं तर तो विचारेल, उंची इतकी कमी झालीच कशी. मग मेडिकलचा घोळ. त्यापेक्षा सोमवारी फिटचा शिक्का बसू दे. शिक्का हातात असला की माणसाच्या बोलण्याला वजन येतं.

सोमवार, १७ मार्च. दुपारी ४

९४.८. फिट!

डॉक्टरांनी विचारलं, चक्कर, अंधारी, शुद्ध हरपणं? तिन्हींना नाही म्हटलं. एकदा नाही म्हटलं की पुढची दोन सोपी जातात.

आज बॉसकडे जाणार होतो. पण त्याच्याकडे पाहुणे होते. निदान चहाचे दोन कप तरी आत जाताना दिसले. उद्या नक्की.

बुधवार, १९ मार्च. संध्याकाळ

काल बॉस नव्हता. आज होता, पण मूडमध्ये नव्हता.

मुंगीला आज दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर चाचणीला पाठवलं. तो उतरल्यावर म्हणाला, अरे, ही तर दांडीला हातच लावायला घाबरते. लूपमध्ये तीन जीपर्यंत ओढलं आणि सोडून दिलं. विमान माथ्यावर वेग गमावून एका अंगाला कोसळलं. हीच का तुझी ती हुशार मुलगी?

हीच.

उद्या बोर्ड आहे, तिला ठेवायचं की काढायचं ते ठरवायला. तिथेच बोलतो. सगळ्यांसमोर एकदाच काय ते.

गुरुवार, २० मार्च. संध्याकाळी ५.३०

बोर्ड झालं. पावणेदहाला सुरू, दहा वाजून पाचला खलास. तिचा प्रशिक्षक म्हणून मी होतो. बोलायची वेळ शेवटी येईल असं धरून चाललो होतो, पण अध्यक्षांनी मधेच विचारलं, तुमचं मत? तयारी नसताना विचारलं की माणूस जे सुचेल ते बोलतो. म्हटलं, मुलगी गुणी आहे, थोडा वेळ द्यावा.

मी तिच्या बाजूनं बोललो. तशी नोंद आहे.

निर्णय: उड्डाण बंद. घरी.

दुपारी ती मर्यादांची पुस्तिका परत करायला आली. खाकी कव्हर घातलेलं, आत जागोजागी पेन्सिलीनं माझी वाक्यं लिहिलेली. म्हणाली, सर, थँक यू. तुम्ही परीक्षा घेतलीत म्हणून तरी माझा हात जड आहे हे कळलं. पुढे कधी मागच्या सीटवर कोणी नसताना कळलं असतं तर?

म्हटलं, केळी खात जा.

ती हो म्हणाली.

सोमवार, २४ मार्च. सकाळी

काल बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे जसं घडलं तसं. मी परीक्षा घेत होतो वगैरे. ती वह्या तपासत होती. तिनं लाल पेन खाली ठेवलं नाही, फक्त विचारत गेली. कोलांटीच्या माथ्यावर उंची किती होती? सावरलं तेव्हा किती? वेग किती? मी आकडे सांगितले. आकडे मला तोंडपाठ असतात, तिथेच घात झाला. तिनं एका पोराच्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं आणि वही माझ्याकडे फिरवली. अकरा सेकंद.

म्हणाली, अकरा सेकंद तुम्ही मुद्दाम गप्प होतात?

मी गॅलरीत गेलो. ती मागून आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, त्या पोरीनं तुम्हाला घरी आणून सोडलं, आणि तुम्ही तिला घरी धाडलंत.

गॅलरीतून धावपट्टीचं एक टोक दिसतं. बॅचमधलं कोणीतरी एकटं उतरत होतं. मी सवयीनं चाकं टेकल्याचं पाहिलं आणि आत आलो.

गुरुवार, २७ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही.

शनिवार, २९ मार्च

झोपेत ऐकू येतं असं नाही. जागेपणी येतं. दाढी करताना, बूट बांधताना. सर? मग थोडं थांबून, सर? आणि तिसऱ्यांदा, हळू, जणू आपण आगाऊपणा करतोय असं वाटून, सर?

त्या हाका मी ऐकल्या नव्हत्या. एकही नाही. तिनं सांगितलं म्हणून मला माहीत.

सोमवार, ३१ मार्च. दुपारी १२

बॉसकडे गेलो. पाहुणे होते, तरी गेलो. ते उठून गेले.

म्हटलं, १० तारखेला मी बेशुद्ध पडलो होतो. सात दिवस सकाळचं खाणं नव्हतं, पाणी नव्हतं, वजन उतरवायचं होतं. तिनं ओढलं नसतं तर आम्ही दोघेही नसतो. सात जीच्या वर गेली कारण खाली जागाच उरली नव्हती. मी असतो तर मीही तेच केलं असतं, फक्त मला इतकं नेमकं जमलं नसतं.

बॉस खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, मी तुला दोनदा विचारलं होतं रे. दोनदा कोण विचारतं?

माझं उड्डाण आजपासून बंद. चौकशी होईल, मेडिकल पुन्हा होईल. होऊ दे. तिच्यावरचा ठपका पुसला जाणार. मेमध्ये पुढची बॅच, तिला त्यात घेता येईल, बॉसनं वर फोन करून विचारलंसुद्धा. हो म्हणाले.

बरं वाटतंय. खरं सांगायचं तर फार बरं वाटतंय. शेवटी उशीर म्हणजे किती? बोर्डानंतर अकरा दिवस. पत्र जाईलच, पण ही बातमी मी स्वतः देणार. आधी ती गप्प होईल, मग ओरडेल. सर, कधी येऊ म्हणेल. तिला मी सांगणार, रागाव माझ्यावर, हवं तेवढं रागाव, पण बॅग भर.

गुरुवार, ३ एप्रिल. सकाळी ११

फोन दुकानात लागला. वडिलांनी उचलला. कोण ते सांगितल्यावर म्हणाले, साहेब, तुमचं फार नाव काढते ती. मग तिला हाक मारली.

मी सगळं सांगितलं. काल कागदावर लिहून ठेवलं होतं, ते न वाचताच सांगितलं. मागून कोणीतरी चाकाची रिम ठोकत होतं, ते थांबलं.

ती पहिलं काय म्हणाली तर, सर, तुम्ही आता बरे आहात ना?

म्हटलं, बरा आहे. ते सोड. मेमध्ये ये.

ती म्हणाली, नाही सर.

मला वाटलं रागानं म्हणतेय. मी रागाची तयारी करून बसलो होतो. पण राग नव्हताच. म्हणाली, परवा सायकलवरून चालले होते, मोठा उतार आला. वाटलं, ब्रेक जोरात दाबला तर? खाली उतरले आणि सायकल हातात धरून चालत गेले. दुकानात पाना फिरवतानाही वाटतं, जास्त आवळला गेला का. बाबा मागून पुन्हा तपासतात. मी बघत नाहीये असं बघून तपासतात.

म्हटलं, अगं, पण तुझं चुकलंच नव्हतं. मी खोटं बोललो होतो.

ती म्हणाली, हो सर, कळलं मला. डोक्याला कळलं.

मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षांत तुझ्यासारखा हात मी पाहिला नाही. हे अगदी खरं आहे. यात एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

ती म्हणाली, थँक यू सर. कोणी समजूत घालायला आलं की त्याला आपण म्हणतो, तसं.

मी दोनदा हॅलो म्हटलं. मग वडिलांचा आवाज आला. म्हणाले, साहेब, ती आत गेली. गिऱ्हाईक उभं आहे, ठेवू का?

म्हटलं, ठेवा.