सेल्फ मी जाळला नाही

३ सप्टेंबर, बुधवार
आज परत टक्. मोटरसायकलचं बटण दाबलं की टक् होतं आणि पुढे इंजिन ढिम्म. आबा ओट्यावरून ओरडले, "दाबून धरू नगं! असंच दाबून दाबून जाळलास तू त्यो सेल्फ." सगळी गल्ली ऐकत होती. निम्म्या कोरेगावच्या विहिरींवरच्या जळक्या मोटारी मी माझ्या दुकानात नवी तार भरून देते, आणि स्वतःच्या बापाच्या गाडीचा सेल्फ म्हणे मी जाळला. त्यांच्या ताटात भाकरी जरा आपटली, एवढंच.

५ सप्टें.
सांगलीहून विलासचा फोन. धाकटा भाऊ, पण मान मोठ्याचा. मिरज रस्त्याला हॉटेल काढलंय, दिवाळीत उघडणार. आबांनी त्याला परस्पर सांगून टाकलंय, खंडेनवमीची पूजा झाली की गाडी घेऊन जा. हॉटेलच्या दारात उभी करणार, टाकीवर झेंडूच्या माळा, गिऱ्हाइकांनी फोटो काढायचे. "अक्का, तुला किक बसत न्हाई, सेल्फ गेलाय. मग ठिवून करणार काय?"

किक बसत नाही! आबांनी तरी जन्मात कधी या गाडीला किक मारलीय? फौजेत उजवा पाय कामातून गेला म्हणून तर पुण्यातल्या कुणा साहेबाची ही जपानी बटणस्टार्ट गाडी घेतली. त्याच बटणावर मी शिकले. लग्न मोडून परत आले तेव्हापासून दर महिन्याला आबांना मागे बसवून साताऱ्याच्या मिलिटरी कॅन्टीनला मी नेते. विलास नाही नेत.

६ सप्टें.
बॅटरी बदलून पाहिली. टक्.

९ सप्टें.
गाडी टेम्पोत घालून साताऱ्याला. मिस्त्री म्हणाला, "ताई, ह्येचा पार्ट न्हाई मिळायचा. सेल्फ काढून टाकू, भोकावर पत्रा मारू. किकवर पळवा की." आणि एका दणक्यात किकवर चालू करून दाखवली. माझ्याकडे बघून हसला पण. जे कळत नाही ते काढून टाकायचं आणि वर पत्रा मारायचा, झाली दुरुस्ती! माझं वजन त्या किकला पुरत नाही. मागे एकदा मारायला गेले तर उलटी बसली, घोटा टम्म सुजला होता.

तशीच परत आणली. आबा दारातच. "सांगितलं न्हवतं?" काय सांगितलं होतं ते त्यांनाच ठाऊक.

१४ सप्टें., रविवार
दुकान बंद. सेल्फची मोटार उतरवून उघडली. वाइंडिंगला जळका वास नाही, कार्बन चांगले, तांबं लख्ख. टेबलावर बॅटरीला जोडली तर अशी गरगरली की खाली उडी मारते की काय. आबांना हाक मारली. म्हटलं, "या, बघा, जळकी मोटर अशी फिरती व्हय?" आले नाहीत. म्हणे बातम्या लागल्यात.

परत गाडीवर बसवली. टक्.

पाना फेकला. बादलीला लागला, बादली फुटली. बरं वाटलं.

२१ सप्टें., रविवार
उद्या घट बसणार. आज सापडलं.

मोटारवाली बाई, म्हणून इतके दिवस मोटारच धरून बसले. टेबलावर फिरते आणि गाडीवर फिरत नाही, म्हणजे दोष मोटारीत नाही, करंटच्या वाटेत आहे. बॅटरीच्या मायनसपासून एक जाड वायर थेट इंजिनाच्या अंगाला टेकवली आणि बटण दाबलं. घर्रर्र... चालू! शेडमध्ये एकटीच ओरडले.

मग मूळची मायनसची वायर इंजिनाला जिथे आवळलीय तो बोल्ट खोलला. वायरच्या टोकाखाली पांढरी भुकटी. त्यावर हळद, त्यावर कुंकू, परत हळद, सगळं दगडासारखं घट्ट. मागच्या फटीत एक वाळका खोबऱ्याचा तुकडा.

दर खंडेनवमीला लोक चाकापुढे नारळ फोडतात. आमचे आबा गाडीच्या डाव्या अंगाला उभे राहतात, नारळ हातात धरून कोयत्याने फोडतात आणि सगळं पाणी इंजिनावर ओततात. म्हणे, "इंजानाला पाजलं पायजे." वर हळदकुंकवाचा सडा. बरोब्बर त्याच बोल्टवर. सगळा करंट तिथे अडलेला.

मी जाळला नाही. मी जाळला नाही. मी जाळला नाही.

२३ सप्टें.
बोल्ट घासला, वायरचं टोक नवं, वरून ग्रीस. बटणाला हात लावला की चालू. आबांना सगळं सांगितलं, बोल्ट दाखवला. तर, "देवाच्या कामाला नावं ठिवू नगंस, नंदे."

देवाला कोण नावं ठेवतंय? एकदा, फक्त एकदा म्हणा की तुझं चुकलं नव्हतं. जीभ झडते का?

जेवायला वाढताना तो खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या ताटात ठेवला, चटणीशेजारी. त्यांनी बघितला. बोटाने कडेला सारला. भाकरी खाऊन उठले.

२७ सप्टें.
विलासचा फोन. "चालू झाली? लय ब्येस! टेम्पोत चढवायला सोपं."
तळपायाची आग मस्तकात गेली. हात काळे मी करायचे, आणि सोपं याला!

आबांना तोंडावर विचारलं, गाडी देणार? "शबूद दिलाय." म्हटलं, "आन् मला कवा दिला न्हाई कसला शब्द?" माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. कॅन्टीनला जायची तारीख उलटून गेली, त्याचंही नाव नाही. साबण संपलाय, त्यांच्या 'काढ्याची', म्हणजे रमची, बाटली संपलीय. कोण नेणार यांना? हॉटेलवाला?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
सकाळी दुकानातले पाने, पक्कड, वाइंडिंग मशीन, सगळं पुसून पुजलं. मग गाडी. विलासचा फोन, विट्याच्या पुढे आलाय, टेम्पोवाला बरोबर आहे.

आबा नारळ आणि कोयता घेऊन आले. नेहमीसारखे डाव्या अंगाला उभे. मी मधे जाऊन उभी राहिले, इंजिनाला पाठ लावून. म्हटलं, "आबा, हितं न्हाई. चाकाफुडं फोडा."
"बाजूला हो."
"न्हाई हुणार. पाणी वतायचं तर माझ्या अंगावर वता."

केवढा वेळ तसेच उभे. कोयता हातात. मला भीती नाही वाटली, फक्त राग, आणि रडू येत होतं त्याचा आणखी राग. मग म्हणाले, "बटण दाब."

दाबलं. पहिल्या झटक्यात चालू. आबांनी टाकीवर हात ठेवला, ऐकत राहिले. नारळ तसाच न फोडता सीटवर ठेवला आणि घरात गेले.

हे पायरीवर बसून लिहितेय. गाडी समोर चालू आहे. खिडकीतून दिसतंय, आबा बूट घालतायत, पॉलिशचे काळे. कॅन्टीनला जाताना घालतात. कुणाच्या हवाली काही करायचं असलं तरी तेच घालतात. माझ्या पाठवणीच्या वेळी त्याच बुटात मांडवाच्या दारात ताठ उभे होते.

कोपऱ्यावर टेम्पोचा हॉर्न वाजतोय. आबा अजून नाडी बांधतायत. गाडी मी बंद करणार नाही.