पुढून सगळेच पैलवान

नाशिक रोड,
रविवार

आदरणीय आक्कांना,
भिमाबाईचा सविनय जयभीम.

त्या दिवशी नळाला पाणी सव्वासहाला आलं होतं. मी दोन हंडे आणि पिंप भरून घेतलं, मोरी धुतली आणि भाकऱ्या थापायला बसले. हे परीक्षकाच्या निळ्या कोटाला इस्त्री करत होते, कारण दुपारी सिन्नरला स्पर्धा होती आणि खिशावरचा बिल्ला सरळ बसायला हवा होता. पाच भाकऱ्या झाल्या तशा ह्यांनी त्या फडक्यावर ओळीने मांडल्या आणि म्हणाले, लाव नंबर. मी हाताचं पीठ झटकलं आणि जी टम्म फुगली होती तिला पहिला दिला. हे म्हणाले, उलटून पाहिलीस का? मी उलटली. मागून जळलेली होती. हे हसले नाहीत (स्पर्धेच्या दिवशी ते हसत नसत). एवढंच म्हणाले, "पुढून सगळेच पैलवान असतात, भिमा. नंबर मागून लागतो." आणि तीच जळकी भाकरी डब्यात घेऊन गेले.

पत्राची सुरुवात अशी करायची नसते, आधी खुशाली विचारायची असते, हे मला कळतं. पण पेन हातात घेतलं आणि ती सकाळच आधी उतरली, आता खोडत नाही. तर आक्का, तुमचा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? डॉक्टरांनी वाचायला अजून मनाई केली आहे, म्हणजे हे पत्र तुम्हाला तुमचा आयुषच वाचून दाखवत असणार. आयुष, सावकाश वाच, आणि कंसातलंही वाच. (फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही प्रत्येक गोष्टीला 'बरं बरं' म्हणता. मागे मी जिन्यात पडले म्हणून सांगितलं, तेव्हाही तुम्ही बरं बरं म्हणालात.) पेठला यंदा थंडी फार आहे असं ऐकते. आयुषची तयारी जोरात असेल. अंडी किती खातो? चढ चढतो का? पेठला चढ काही कमी नाहीत.

इकडे मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्यापेक्षा कमीच बोलतो. तुमच्या भावाला जाऊन तीन वर्षं झाली. सकाळी चहा अजून दोन कप होतो. एक मी पिते, आणि थोड्या वेळाने दुसराही मीच पिते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, चहा वाया जात नाही.

आता मुद्दा. मी शरीरसौष्ठव स्पर्धेची परीक्षक झाले आहे. रीतसर, प्रमाणपत्रासकट. आयुष, आक्कांना पाणी दे आणि मग पुढे वाच.

आपल्या कॉलनीतलं मंडळ ह्यांच्या नावाने दर वर्षी 'झुंबर गांगुर्डे स्मृती चषक' भरवतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. गेल्या वर्षी तो चषक आयुषबरोबर आपल्याच घरात आला, तुम्ही अख्ख्या पेठमध्ये पेढे वाटलेत. दुसऱ्या आलेल्या मुलाला मिक्सर दिला. दोन्ही माझ्याच हातून दिले गेले. तर दिवाळी झाल्यावर मंडळाचा ललित घरी आला (हाच पंचांच्या टेबलावर मधोमध बसतो) आणि म्हणाला, "काकू, यंदाही चषक तुमच्याच हस्ते. फक्त साडी जरा उठावदार नेसा, मागच्या फोटोत तुम्ही फिक्या आलात." मी म्हटलं, यंदा मी चषक देणार नाही, मी नंबर देणार. तो हसला. मग मी हसत नाही हे पाहून थांबला. म्हणाला, परीक्षकाला संघटनेचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा कोर्स असतो, आणि तो ऑनलाइन असतो. एवढं बोलून त्याने चहाचा कप खाली ठेवला. त्याला वाटलं विषय संपला. सातवी शिकलेल्या बाईचा विषय 'ऑनलाइन' ह्या शब्दाशी संपतो, असं बऱ्याच लोकांना वाटतं.

माझं वाचन तुम्हाला ठाऊक आहे. शाळा सुटली, पण किराण्याची पुडी सुटली की तिचा कागद वाचल्याशिवाय मी कधी फेकला नाही. मी शेजारच्या लताबाईंच्या घरचा लॅपटॉप मागून आणला आणि नाव घातलं. बारा धडे होते. शिकवणारा माणूस घट्ट बनियनमध्ये उभा राहून इंग्रजीत बोलायचा, खाली हिंदी अक्षरं पळायची, आणि अक्षरं वाचून होईपर्यंत तो पुढच्या स्नायूवर गेलेला असायचा. एक धडा मी चार-चार वेळा थांबवून पाहिला. वहीत डावीकडे त्याचा शब्द आणि उजवीकडे आपला: दंड, खांदा, मांडी, पोटरी. पाठीच्या दोन बाजूंना हे पंख म्हणायचे, तसंच लिहिलं. वाचनालयातून शरीरशास्त्राचं जाड पुस्तक आणलं. त्यात एक माणूस कातडी काढून उभा आहे. (ते पान लताबाईंनी पाहिलं, तेव्हापासून त्या आमच्याकडे जेवायला थांबत नाहीत.)

बरंचसं मला आधीच येत होतं, हे मलाच माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं हे स्पर्धेहून येऊन जेवताना सगळी रांग पुन्हा माझ्यासमोर उभी करायचे. कुणाचा खांदा चांगला पण कंबर जाड, कुणी अंगाला रंग एवढा फासला की घामाने ओघळून पायाशी थारोळं झालं. मी वाढता वाढता हूं म्हणायचे. तो हूं कामाला आला. नवीन म्हणावं तर एवढंच कळलं की पाच परीक्षकांच्या आकड्यांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा काढून टाकतात, म्हणजे एकट्यादुकट्याची मर्जी आपोआप गळून पडते. तिघांची मर्जी असेल तर काय गळतं, हे त्या धड्यात नव्हतं. आणि आता एक गट असा निघाला आहे, ज्यात मुलं गुडघ्यापर्यंत चड्डी घालून येतात आणि पायांचे गुण कुणी धरतच नाही. ह्यांना सांगितलं असतं तर ते जेवणावरून उठले असते.

सराव करायला सांगितलं होतं. उभी असलेली माणसं पाहायची आणि मनात नंबर लावायचे. आमच्याकडे सकाळी दूध केंद्रासमोर सात-आठ पुरुष अर्ध्या चड्डीत रांगेत उभे असतात, ह्याहून सोयीचं काय. मी रोज पिशवी घेऊन त्यांच्या मागे उभी राहायचे आणि पोटऱ्या पाहायचे. आठवड्याने लताबाई दार लावून हळू आवाजात म्हणाल्या, "भिमाबाई, लोक बोलायला लागलेत." मी विचारलं, काय बोलतात? तर म्हणे, हेच, की तुम्ही बघता. मी म्हटलं, बघते. आणि त्यांना सांगा की त्यांच्यात पाचव्या नंबराच्या वर जाईल असा एकही नाही. दुसऱ्या दिवसापासून रांगेत चौघे फुलपँट घालून आले.

मग परीक्षा. ती कॅमेऱ्यासमोर, खोलीत एकट्याने द्यायची. मी दार लावलं, नवी साडी नेसून टेबलाशी बसले, आणि दहाव्या मिनिटाला पेपर गायब झाला. पडद्यावर परीक्षेवर नजर ठेवणारी निकिता नावाची मुलगी आली. आवाजाने गोड होती. म्हणाली, "मॅडम, तुमच्या मागे तिघं बसलेत. त्यांना बाहेर पाठवा." मी वळून पाहिलं. मागच्या भिंतीवर आपले भगवान बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली हार घातलेले हे. मी म्हटलं, ताई, दोघांचं महापरिनिर्वाण झालंय आणि तिसऱ्यांना जाऊन तीन वर्षं झाली, बाहेर कुठे पाठवू? त्या बिचारीने पुन्हा नीट पाहिलं. मग म्हणाली, मशीनला तीन चेहरे दिसतात, तुम्ही फोटो काढून ठेवा नाहीतर पेपर रद्द होईल. मी म्हटलं, होऊ द्या रद्द. नंतर लताबाईंनी फोटोंवर टॉवेल टाकायचं सुचवलं. पण आक्का, ज्यांच्यामुळे आपल्या हातात पाटी आली, त्यांच्यावर टॉवेल टाकून मी कसली परीक्षा पास होऊ? आणि ह्यांना भिंतीकडे तोंड करून ठेवू? त्यांच्याच विषयाच्या पेपराला?

दुसऱ्या वेळी मी टेबल फिरवलं. आता पाठीमागे कोरी भिंत, आणि ते तिघं माझ्यासमोर, लॅपटॉपच्या वर. अर्धा पेपर छान झाला. मग पुन्हा निकिता. म्हणाली, "मॅडम, तुम्ही सारख्या वर बघताय. समोरून कुणी उत्तरं सांगतंय का?" मी म्हटलं, नाही. हे मी खोटं बोलले. प्रश्न पाठीचा होता, मी वर पाहिलं, आणि ह्यांचं ते भाकऱ्यांचं बोलणं आठवून उत्तर लिहिलं. म्हणजे सांगतच होते की. तोही पेपर रद्द झाला.

तिसऱ्या वेळी मी जवळचा चष्मा लावून बसले. तो लावला की समोरचं सगळं धूसर होतं. हेही धूसर झाले. एकदाही मान वर केली नाही. दोन तास ह्यांच्यासमोर बसून ह्यांच्याकडे न पाहणं, हे त्या बारा धड्यांपेक्षा अवघड होतं. पेपर संपला, मी चष्मा काढला, तेव्हा ते परत दिसले. शंभरात शहाऐंशी गुण पडले. निकिताने शेवटी विचारलं, मॅडम, ते तिघं ठीक आहेत ना?

ललितला प्रमाणपत्र दाखवलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं, उजेडात धरलं, मग म्हणाला, बघू. मी म्हटलं, बघू नको, टेबलावर माझ्या नावाची पाटी लाव. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्पर्धा आहे. तिसरी खुर्ची माझी. ह्यांचा निळा कोट मी उसवून माझ्या मापाचा केला आहे. खांद्यात अजून मोठाच आहे, तो तसाच ठेवणार. मंडळाचा एक कागद तेवढा भरायचा बाकी आहे, तो उद्या देईन.

तब्येतीला जपा. डोळ्यात पदर घालू नका.

तुमची भावजय,
भिमाबाई

ता. क. आयुषबरोबर थोडे नागलीचे पापड पाठवा. मागचे संपले. बरेचसे लताबाईंनीच खाल्ले, कारण त्या जेवत नाहीत.

ता. क. दुसरा. आयुष, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. आईने विचारलं, का थांबलास, तर सांग मामीचं अक्षर लागत नाही.

हे पत्र खरं तुला आहे. गेल्या वर्षी तू पहिला नव्हतास. पुढून होतास. तू पाठमोरा झालास तेव्हा मला ती भाकरी दिसली. तुला पोटऱ्या नाहीत, बाळा. मी ललितला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, मामाच्या नावाचा चषक भाच्याकडे गेला की फोटो चांगला येतो. आणि तो चषक मी माझ्या हाताने तुला दिला, सगळ्यांसमोर, हसून. तू घेताना माझ्याकडे पाहिलं नाहीस. म्हणजे तुलाही माहीत होतं. तुझा मामा असता तर त्याने तुला चौथा ठेवला असता, आणि घरी आणून मटण खाऊ घातलं असतं.

मिक्सर मिळालेला तो गोटीराम तुमच्या पेठच्याच पलीकडच्या पाड्यावरचा. त्याच्या पोटऱ्या डोंगराने घडवल्या आहेत. जाताना तो मला म्हणाला, "बाई, आमच्याकडं लाइट टिकत नाय. मिक्सर घेऊन काय करू? पुढल्या साली येनार नाय मी." ते वाक्य वर्षभर माझ्याबरोबर चहा पितंय. दोन कप होतात त्यात तिसरा हा.

तर मागणं असं. सोबत प्रवेशाचा कोरा फॉर्म घातला आहे. परीक्षकाने स्पर्धकाशी बोलायचं नसतं, तो दहावा धडा, म्हणून मी जाऊ शकत नाही. तू जा. पाड्यापर्यंत गाडी जात नाही, चालत जावं लागेल, ते तुझ्या पायांना बरंच आहे. त्याला सांग, टेबलावर यंदा एक बाई बसणार आहे आणि ती मागून बघते. आणखी काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

दुसरं, अकराव्या धड्यात लिहिलं आहे की परीक्षकाचं नात्यातलं माणूस रांगेत असेल तर परीक्षकाने उठावं. म्हणून तू यंदा उतरू नकोस. त्या लांब चड्डीच्या गटातही नको. पुढच्या वर्षी पाय घेऊन ये. मी स्वतः खुर्ची सोडीन आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. जबरदस्ती नाही. नीट विचार कर, आईला काय सांगायचं तेही ठरव, आणि सवडीने कळव. तुझं उत्तर येईपर्यंत मी थांबते.

ता. क. तिसरा. आता पुन्हा मोठ्याने वाच. आक्का, पापड पातळ लाटलेले पाठवा.

ता. क. चौथा, सोमवार. आयुष, हे परत मनात. आज सकाळी पाणी भरलं, भाकऱ्या केल्या, फोटोंना हार घातले. मग मंडळाचा तो कागद काढला. 'स्पर्धकांत कुणी नातेवाईक आहे का?' ह्याच्यापुढे लिहिलं, 'आहे. नणंदेचा मुलगा आयुष. यंदा उतरणार नाही.' सही केली, ललितच्या हातात दिला, आणि येताना हे पत्र पेटीत टाकलं.